बांधलेली ठेव, मोकाट व्याज

राजारामपुरीतल्या एका आतल्या गल्लीत सकाळी साडेनऊला एक शटर वर जातं. खडखडत निघतं, कमरेएवढं आलं की अडतं, आतून कुणीतरी त्याला एक शिवी घालतं, आणि मग ते एकदम सुटून वर जातं. उजेड पडतो तो थेट मखमलीवर. डावीकडे जरीचे अंगरखे, उजवीकडे पुठ्ठ्याचे मुकुट, मागं भिंतीला टेकवलेल्या सहा गदा, आणि खाली पत्र्याच्या ट्रंकांवर खडूनं लिहिलेलं: मावळे बारा, गवळणी आठ, यमदूत दोन. डांबरगोळ्यांचा आणि जुन्या घामाचा वास बाहेर येतो. ज्यानं एकदा तरी विंगेत उभं राहून तिसऱ्या घंटेची वाट पाहिली आहे, तो त्या वासाला अजून दारात थबकतो.

या सगळ्याच्या मधोमध गळ्यात टेप अडकवून, तोंडात टाचण्या धरून बसलेली ठेंगणी बाई म्हणजे रशिदा. वय साठ. शाळाशाळांतल्या बाई-मास्तरांची ड्रेसवाली चाची. गॅदरिंग असो, शाहू जयंतीचा चित्ररथ असो, नाहीतर कुणा हौशी मंडळाचं ऐतिहासिक नाटक, अर्ध्या कोल्हापूरचे राजे आणि राक्षस तिच्या दुकानातून कपडे घालून जातात.

तिचा नवरा मीरासाब दिवसा महापालिकेत पाण्याच्या व्हॉल्व्हवर होता आणि संध्याकाळी नाट्यगृहात पडद्याच्या दोरीवर. तो काळच वेगळा होता. तीन अंकी नाटक, मधे दोनदा चहा, आणि पडदा पडताना तो किती वेगानं पडावा यावर नटमंडळींचे वाद. मरणाच्या प्रसंगाला मीरासाब दोरी अशी हळू सोडायचा की टाळी वाजवायलाही लोक विसरत. रशिदा तेव्हा विंगेत बसून फाटलेलं टाचून द्यायची. पुढं नाटकं कमी झाली, भाड्याच्या कपड्यांचा धंदा वाढला, आणि ती दुकानात बसली.

धंद्यात तिचा एकच कायदा होता. गिऱ्हाईक आलं, कपडे बघितले, दर बोलला, की त्यानं तिच्या हातावर एक सुपारी आणि वर एक रुपया ठेवायचा. बँडवाले, लेझीमवाले, तमाशाचे जुने फडकरी असंच करत आले. सुपारी हातात घेतली की तो दर कार्यक्रम होईपर्यंत बदलत नाही. मग साटीन दुप्पट महाग होवो, नाहीतर धोबी भाव वाढवो. २०१९ ला पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत शिरलं, घरी धुवायला नेलेले साठ जोड चिखलात गेले. त्या वर्षी सात शाळांची सुपारी तिनं आधीच घेतली होती. सगळ्यांना तिनं बोललेल्या दरानंच कपडे दिले. नवीन कापड स्वतःच्या बांगड्या मोडून आणलं आणि एका शब्दानं कुणाला कळू दिलं नाही. असला कायदा पाळणाऱ्या माणसाला एक खोड लागते. जग आपल्यासारखंच वागणार असं त्याला वाटतं.

२०२१ ला पाणी पुन्हा आलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मीरासाब गेला होता. रशिदानं ओल्या भिंतींकडं बघितलं आणि ठरवलं, आता भाड्याचं घर नको, आणि तळमजला तर नकोच.

तिचा एकुलता एक मुलगा फराज तेव्हा चौतीस वर्षांचा. एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. हात सोन्याचा. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. उद्यमनगरात एका मित्राबरोबर जुनं लेथ मशीन घ्यायचं आणि स्वतःचं शेड टाकायचं. बोलणी झाली होती, मशीन बघूनही झालं होतं. रशिदानं त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की आधी घर. बावीस लाखांचं कर्ज, अठरा वर्षांची मुदत, सतरा हजार सहाशे एकवीस हप्ता. बावन्नाव्या वर्षी तू मोकळा, मग लेथ घे नाहीतर विमान घे. फराज आईला उलट बोलणारा नव्हता. मशीन दुसऱ्यानं नेलं.

राजारामपुरीतच दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या-किचन मिळालं. मीरासाबच्या फंडाचे सहा लाख होते, त्यांना मात्र तिनं हात लावला नाही. ज्या बँकेनं कर्ज दिलं त्याच बँकेत दोन-दोन लाखांच्या तीन पावत्या केल्या, पाच वर्षांच्या, सव्वापाच टक्क्यांनी. महिन्याला सव्वीसशे पंचवीस व्याज यायचं. तो नवऱ्याचा पगार आहे, असं ती म्हणायची.

आणि कर्जाच्या कागदांवर सही करायच्या दिवशी तिनं काय केलं असेल? बँकेच्या त्या वेळच्या मॅनेजरच्या टेबलावर एक सुपारी ठेवली आणि वर रुपया. दर बोलला होता पावणेसात टक्के. साहेब वयस्क होते, हसरे होते. म्हणाले, वा चाची, हे छान केलंत. सुपारी उचलली आणि खिशात टाकली. पेपरांच्या गठ्ठ्यात बाराव्या की चौदाव्या पानावर दर बदलता राहील असं छापलेलं होतं. ते तिनं वाचलं नाही, फराजनं वाचलं नाही, आणि साहेबांनी वाचून दाखवलं नाही. सुपारी घेतली होती ना? विषय संपला.

पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं दर वाढवायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, सहादा. जिन्यात त्याचा पहिला आवाज आला तो पहिल्या मजल्यावरच्या आकारामचा. आकाराम सिटी बसवर ड्रायव्हर. त्याचं कर्ज दुसऱ्या बँकेचं. चौदा हजारांचा हप्ता बघता बघता सतराच्या वर गेला तेव्हा तो संध्याकाळी पायरीवर बसून अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा बँकेचा उद्धार करायचा. रशिदा वरनं कठड्याला टेकून मजा बघायची. तिचा हप्ता एक रुपयानं वाढला नव्हता. महिन्याच्या पाच तारखेला सतरा हजार सहाशे एकवीस, ना कमी ना जास्त. आकारामला ती विचारायची की तुम्ही सुपारी दिलती का नाही. बिल्डिंग हसायची. दुकानात येणाऱ्या मास्तरांनाही तिनं हे सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. माझी बँक शब्दाची पक्की, असं वर्षभर सांगत राहिली.

२०२३ च्या जूनमध्ये, शाहू जयंतीच्या फेट्यांची गडबड चालू असताना, आकाराम सुट्टीच्या दिवशी दुकानात आला. भाच्याच्या शाळेसाठी दोन अंगरखे हवे होते. तिनं त्याला पुन्हा चिडवलं. या वेळी तो चिडला नाही.

"भाभी, दर सगळ्यांचा वाढलाय. तुमचा हप्ता वाढला न्हाय, तर मग काय वाढलंय ते एकदा जाऊन बगा की."

त्यानं हे टोमण्यानं म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिच्या मनात रुतलं. दुपारी शटर अर्धं ओढून ती बँकेत गेली.

जुने साहेब बदलून गेले होते. कर्जाच्या टेबलावर आता ऋतुराज नावाचा तरुण अधिकारी होता. पोरगा वाईट नव्हता. उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, काकू म्हणाला. तिनं शेवटच्या हप्त्याची तारीख विचारली. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, एक कागद छापून तिच्यापुढं ठेवला आणि पेनाचं टोक शेवटच्या ओळीवर टेकवलं. एप्रिल २०५२.

रशिदानं चष्मा पुसला. चुकून दुसऱ्याचा कागद आला असेल म्हणून वरचं नाव वाचलं. नाव तिचंच होतं, खाली फराजचं. तिच्या डोक्यातली तारीख होती सप्टेंबर २०३९.

ऋतुराजनं शांतपणे समजावून सांगितलं. दर आता सव्वानऊ झाला होता. ग्राहकाच्या खिशाला एकदम झळ लागू नये म्हणून सिस्टीम हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. तिनं विचारलं, कुणाला विचारून. तो म्हणाला, खात्याला जोडलेल्या नंबरवर दरवेळी मेसेज गेलेला आहे. नंबर फराजचा होता, मेसेज इंग्रजीत.

मग तिनं त्याला महिन्याचा हिशोब फोडून सांगायला लावलं. भाड्याच्या कपड्यांचा चाळीस वर्षं हिशोब ठेवलेली बाई, आकड्यांना घाबरणारी नव्हती. मेमध्ये भरलेल्या सतरा हजार सहाशे एकवीसमधले सोळा हजार चारशे व्याजात गेले होते. मुद्दल फिटलं होतं बाराशे एकवीस रुपये. वीस महिन्यांत साडेतीन लाख भरून कर्ज पाऊण लाखसुद्धा खाली आलं नव्हतं.

सुपारीचं तिनं सांगितलं तेव्हा ऋतुराजच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याला ती चाल माहीतच नव्हती. जुने साहेब इथं नाहीत, आणि असली कुठली नोंद फाइलमध्ये नाही, एवढंच तो बोलला. यावर ती चिडली असती तर तिचा राग अर्धा तिथंच निवला असता. पण तिला एकदम आपल्या तीन पावत्या आठवल्या. दर वाढले, तर मग माझ्या ठेवीचाही वाढला असेल की. किती झाला?

ऋतुराज म्हणाला, नाही काकू, ठेव फिक्स असते. ती सव्वापाचच राहणार पाच वर्षं. आज नवीन केली तर सात टक्के मिळतील.

शेजारच्या काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली, कारण रशिदा उभी राहिली होती. आवाज तिनं चढवला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला ओरडावं लागत नाही, हे ती विंगेत बसून शिकली होती.

"म्हंजे मी तुमच्याकडं ठेवलं ते खुट्याला बांधलेलं, आणि तुमी मला दिलं ते मोकाट. बँक एकच, बाई बी एकच. सव्वापाचला माझं घेतासा आणि सव्वानऊला मलाच देतासा, व्हय?"

कुणीतरी पेन्शनर मागनं बरोबर हाय म्हणाला. दर ऋतुराजनं वाढवला नव्हता, नियम त्यानं लिहिला नव्हता. खुर्ची त्याची होती, म्हणून ऐकून घ्यायची पाळी त्याची. त्यानं दोन वाटा सांगितल्या. मुदत परत २०३९ वर आणायची तर हप्ता साडेतीन हजारांनी वाढवायचा, नाहीतर आहे असं चालू ठेवायचं. बहुतेक लोक चालू ठेवतात, असंही त्यानं सांगितलं.

ती घरी आली ती तरातरा. सूनबाई सुहानानं चहा पुढं केला तो तसाच गार झाला. फराज पहिल्या पाळीवरून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला, तेव्हा तिनं तो कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. बँक, सुपारी, मेसेज, बाराशे एकवीस रुपये. बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की फराज कागदाकडं बघतच नाही. तो भाकरी मोडतोय.

त्याला माहीत होतं. दिवाळीच्या आधीच त्यानं एक मेसेज फाउंड्रीतल्या सुपरवायझरकडून वाचून घेतला होता. नंतर आलेले वाचायची गरजच पडली नव्हती.

रशिदानं सुनेकडं बघितलं. सुहाना आमटी वाढायला ओट्याकडं वळली, आणि तेवढ्यानं कळायचं ते कळलं. म्हणजे दिवाळीपासून, सात-आठ महिने, ती कठड्याला टेकून आकारामची टिंगल करत होती तेव्हा आत बसलेली ही दोघं ते ऐकत होती. का नाही सांगितलं, असं तिनं विचारलं तेव्हा फराजनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. मग तिच्याकडं न बघता बोलला.

"तू समद्या गावाला सांगत सुटलीवतीस अम्मा. तुजं तोंड बगून सांगवंना. आणि त्यात काय एवढं? पासष्टाव्या वर्षी संपंल. तवर काम करायचंच हाय की."

बँकेत ती चिडली होती, पण त्या रागाला ऐट होती, समोर माणसं होती. हा राग वेगळा होता. बँकेनं तिच्या पोराच्या आयुष्यातली साडेबारा वर्षं न विचारता उचलली होती, आणि पोरगा ती न भांडता देऊन मोकळा झाला होता. भाकरी मोडता मोडता. बावन्नाव्या वर्षी मोकळा होशील, हा शब्द तिनं दिला होता. त्या शब्दावर त्यानं लेथ सोडलं होतं. आणि तो शब्द मोडला हे कळल्यावर तो आईवर संतापला नाही, त्यानं तिला सांभाळून घेतलं. याच्याइतकी मानहानी तिची आयुष्यात झाली नव्हती. तिनं ताटाशेजारचा कागद उचलला, घडी घातली आणि आतल्या खोलीत गेली. मीरासाबची ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

सकाळी नऊला जिना उतरताना तिनं आकारामच्या दारावर थाप मारली. तो डबा भरून ड्युटीला निघत होता. वर्षभर मी तुम्हाला बोलले ते माझं चुकलं, असं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. भाभी, उगंच काय, असं काहीतरी आकाराम पुटपुटला, आणि मग बस निघायची वेळ झाली असताना तिला पाच मिनिटं थांबवून त्यानं एक गोष्ट सांगितली. त्यानं स्वतः मार्चमध्ये बायकोचा गोफ विकून कर्जात एकरकमी भरणा केला होता. मुद्दलात मोठी रक्कम मारली की मुदत धाडकन खाली येते. बँकवाले आपणहून सांगत नाहीत, आपण विचारायचं.

दहा वाजता ती ऋतुराजसमोर बसली. एकरकमी चार लाख भरले तर शेवटची तारीख काय येईल, एवढंच विचारलं. त्यानं आकडे घातले, थोडा थांबला, पुन्हा घातले. सप्टेंबर २०३८. हप्ता आहे तोच ठेवून. म्हणजे पहिल्या बोलीपेक्षा एक वर्ष आधीच.

रशिदानं दोनदा विचारून खात्री केली. एका भरण्यानं चौदाच्या आसपास वर्षं सुटत होती. तिनं त्याला विचारलं, काल हे का सांगितलं नाहीत. ऋतुराज खरं बोलला. तो म्हणाला, काकू, तुमच्याकडे रक्कम असेल असं मला वाटलं नाही. तिनं आपल्या सुती साडीकडं बघितलं, बोटांवरच्या टाचण्यांच्या खुणांकडं बघितलं आणि पर्समधनं पावत्या काढल्या. तिन्ही त्याच्याच बँकेच्या. दोन पुढं सरकवल्या, एक परत ठेवली.

आता ऋतुराजला अवघड झालं. मुदतीआधी पावती मोडली तर एक टक्का कापला जातो, आणि जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या दिवसांचा कमी दर लागतो, हे सांगणं त्याचं कामच होतं. त्यानं ते खालच्या आवाजात सांगितलं. महिन्याचं व्याज सव्वीसशेवरून पावणेनऊशेवर येईल, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. दर वाढवायचा तुम्ही, आणि दंड भरायचा मी, असं ती म्हणाली, पण स्वतःशीच म्हटल्यासारखी. तिचं ठरलं होतं. नवऱ्याचा पगार आता कमी होणार होता. मीरासाब असता तर त्यानं तरी दुसरं काय केलं असतं? पोराच्या गळ्यातला दोर सोडायला दोरीवरच्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नसतं.

ऋतुराजनं कपाटातून फॉर्म काढला. तिला लिहायला त्रास नको म्हणून स्वतःच भरायला घेतला. नाव, खाते क्रमांक, पावती क्रमांक, रक्कम कुठं वळवायची ते. लिहीत लिहीत तो एका रकान्यापाशी आला. मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचं कारण. तो मघापासून तिच्याशी चांगला वागायचा प्रयत्न करत होता, म्हणून त्यानं तिला न विचारता, सगळ्यांसाठी लिहितात तेच दोन शब्द लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, घरगुती अडचण.

रशिदानं हात लांब करून त्याच्या पेनावर ठेवला. काउंटरपलीकडचे दोघं-तिघं थांबले. ती बसूनच बोलली, पण दारातल्या वॉचमनलासुद्धा ऐकू गेलं.

"खोडा ते. माझ्या घरात काय अडचण न्हाय. कारणाच्या जागी तुमच्या बँकेचं नाव लिवा."